नेस्तोरकाकांच्या मनासारखं सॉफ्टवेअर

रोज दुपारी बुद्धिबळ खेळायला येणारा शांदोर हंगेरीतल्या सेगेदला लेकीकडे कायमचा राहायला निघाला, तेव्हा नेस्तोरकाका त्याला निरोप द्यायला बसस्टँडवर गेले नाहीत. म्हणाले, जाणाऱ्याला हात हलवून दाखवायला मी काय सिग्नल आहे? घरी बसून त्यांनी पटावर मोहरे मांडले, पांढऱ्या बाजूनं एक खेळी केली, पट फिरवला, काळ्या बाजूनं एक खेळी केली, पुन्हा पट फिरवला. संध्याकाळपर्यंत हेच चाललं. दुसऱ्या दिवशी कोसाराकाकू माझ्या दुकानात आल्या आणि स्टुलावर बसकण मारून म्हणाल्या, "ओब्राद, हे स्वतःशीच खेळले, स्वतःच हरले आणि रात्री जेवताना माझ्याशी अबोला धरला. जिंकलेही तेच होते ना? मग निदान अर्धा वेळ तरी खुशीत राहायचं."

सर्बियातल्या आमच्या सोंबोर गावात माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, आणि ही दोघं बरोबर माझ्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहतात. वर खुर्ची सरकली की खाली मला कळतं कोण उठलं. नेस्तोरकाकांनी सगळी नोकरी कालव्याच्या खात्यात केली. शेवटी शेवटी ते जलद्वाराचे मुख्य होते. त्यांनी हात वर केला की बोटी थांबायच्या, खाली केला की सुटायच्या, चाक फिरवलं की पाणी चढायचं. निवृत्त झाले तरी जगातलं पाणी आपल्याला विचारूनच वाहतं, हा त्यांचा समज काही निवृत्त झाला नाही. कोसाराकाकू गावच्या थिएटरात प्रॉम्प्टर होत्या. रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीत एक खोका असतो, त्यात बसून त्यांनी वर्षानुवर्षं नटांना वाक्यं पुरवली. प्रेक्षकांना त्या कधी दिसल्या नाहीत. एकदा एका राजाला तलवार उपसल्यावर पुढचं काही आठवेना, आणि नेमकी काकूंच्या हातातल्या संहितेची पानंही उलटीसुलटी झाली होती. काकूंनी आपल्या मनानं एक वाक्य सरकवून दिलं. राजानं ते म्हटलं आणि त्याला टाळ्या पडल्या. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा नवऱ्यालासुद्धा माहीत नव्हतं.

नेस्तोरकाका आणि शांदोर रोज दुपारी खेळायचे. शांदोर घड्याळं दुरुस्त करायचा, शांत माणूस, पण बुद्धिबळाच्या पटावर बसला की त्याच्या जिभेला धार यायची. निम्मा वेळ खेळ आणि निम्मा वेळ एकमेकांची अक्कल काढणं, असा तो कार्यक्रम असे. गावात बुद्धिबळाचा क्लब होता, अग्निशमन दलाच्या इमारतीत. पण तिथल्या अध्यक्षांना नेस्तोरकाका एकदा म्हणाले होते, की तुमचा खेळ म्हणजे आमच्या कालव्यातली बदकं, दिशा काही नाही, नुसता आवाज. तेव्हापासून तो दरवाजा बंद. म्हणजे शांदोर गेला आणि काकांना गावात कुणी उरलंच नाही.

काकूंच्या मनात आलं, की घरात एक कॉम्प्युटर आहे. व्हिएन्नातल्या भाच्यानं नवीन घेतल्यावर जुना पाठवून दिला होता, तो कोपऱ्यात मेजावर धूळ खात होता. त्याच्यावर बुद्धिबळ खेळता येतं असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. त्या काळात मी टीव्हीबरोबर कॉम्प्युटरही बघायला लागलो होतो आणि दुकानात सीडींचा एक खोका ठेवून होतो. काकू म्हणाल्या, चांगलंसं काहीतरी दे.

चांगलंसं म्हणजे कसं, हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर म्हणजे बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर, त्यात निवडायचं काय, असं मला वाटलं. मी वर जाऊन कॉम्प्युटर जोडून दिला, आणि खोक्यात सगळ्यांत देखणी दिसत होती ती सीडी घातली.

नेस्तोरकाका आधी त्या मेजाजवळ यायलाच तयार नव्हते. माऊसला हात लावणार नाही, म्हणाले. इतकी वर्षं मी कालव्यावर उंदीर मारले, आता त्यांच्या पाठीवर हात फिरवू? पडद्याकडे पाहिलं की त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, ही दुसरी अडचण. शेवटी असं ठरलं, की ते नेहमीसारखे खिडकीजवळ आपला लाकडी पट मांडून, पडद्याकडे पाठ करून बसतील आणि खेळी तोंडानं सांगतील. काकू चष्मा लावून मेजाशी बसतील, ती खेळी माऊसनं तिथं करतील आणि कॉम्प्युटरनं काय केलं ते काकांना सांगतील. काकूंना खेळ येत नव्हता. लग्न झाल्यापासून काका त्यांना शिकवू पाहत होते, पण काकांचं शिकवणं म्हणजे जलद्वारावरून बोटीवाल्याला ओरडणं. तिसऱ्या धड्याला काकू उठून गेल्या होत्या त्या गेल्याच. मात्र कोणत्या घराला काय म्हणतात हे त्यांना इतक्या वर्षांत कानावर पडून पाठ झालं होतं, आणि दुसऱ्याचं वाक्य स्वच्छ पोचवणं हा तर त्यांचा धंदाच होता.

पहिल्या सीडीतले मोहरे जिवंत होते. घोड्यावर खराखुरा स्वार, वजीर म्हणजे लांब झग्यातली राणी. एकानं दुसऱ्याला मारलं की तलवारी निघायच्या, झटापट व्हायची, मरणारा गुडघ्यावर बसून, छाती धरून सावकाश आडवा व्हायचा. काकूंना राणीचा झगा फार आवडला. त्यांनी काकांना प्रत्येक मरण वर्णन करून सांगितलं. काका खिडकीशी बसून वाट पाहत राहिले. दोन दिवसांनी ते खाली आले, सीडी दोन बोटांत मेलेल्या मासोळीसारखी धरलेली.

"शेजारी," ते म्हणाले, "एक प्यादं मेलं तर एवढी मयत? मी राजाला मात देईपर्यंत इस्टर येईल."

मी दुसरी दिली. हिच्यात साधे मोहरे होते, पण हिला बोलता येत होतं. प्रत्येक खेळीनंतर एक पुरुषी आवाज इंग्रजीत काहीतरी बोलायचा, आणि तुमची चूक झाली की घसा साफ करून हसायचा. काकांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. पण ते म्हणाले, की टोमण्याला भाषा लागत नाही, मी शांदोरबरोबर खेळलोय. आणि शांदोर हसला तर मी त्याच्या घड्याळांवर बोलू शकत होतो, ह्याच्या कशावर बोलू? मी वर जाऊन आवाज बंद करून दिला. दुसऱ्या दिवशी त्यांचं म्हणणं असं, की आता तो मनातल्या मनात हसतोय आणि हे जास्त वाईट.

तेव्हा मी इरेला पेटलो आणि नोवी सादहून एक सीडी मागवली. तिच्याबद्दल दुकानदारांत बोललं जायचं, की हिनं मोठमोठ्या ग्रँडमास्टरांना घाम फोडला. ना लढाई, ना आवाज. निव्वळ बुद्धिबळ. काकांनी दुपारी बसून पहिली खेळी सांगितली, काकूंनी माऊस दाबला, आणि बोट उचलायच्या आत उत्तर आलं. काकांनी विचार करून दुसरी सांगितली. उत्तर तयार. त्या आठवड्यात काका एकही डाव जिंकले नाहीत. बरोबरीसुद्धा नाही. हरण्याचं त्यांना दुःख होतंच, पण जास्त लागलं ते दुसरंच. "मी इथं कपाळ चोळतोय," ते मला म्हणाले, "आणि तो खेळून मोकळा. एवढी घाई असेल तर दुसरीकडे जा म्हणावं, आम्ही काही धरून ठेवलेलं नाही."

मी त्यांना समजावलं, की ह्याच्यात पायऱ्या असतात, हवी तेवढी ताकद कमी करता येते. वर जाऊन तळाच्या जवळची पायरी लावून दिली. त्यातून नवीनच तक्रार निघाली. कमी ताकदीचं ते सॉफ्टवेअर निम्म्या डावापर्यंत एखाद्या ग्रँडमास्टरासारखं खेळायचं आणि मग अचानक, काही कारण नसताना, आपला वजीर उचलून काकांच्या प्याद्यापुढे नेऊन ठेवायचं. काका तो मारायचे आणि जिंकायचे. जिंकून झालं की पट बाजूला ढकलून द्यायचे. काकूंनी मला सांगितलं, की हरत होते तेव्हा जेवत तरी होते.

ह्या वेळी ते खाली आले तेव्हा हातात सीडी नव्हती. मी दुरुस्तीला उघडलेल्या टीव्हीकडे बघत बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, की तो मला भीक घालतो. भिकाऱ्याच्या वाडग्यात टाकावा तसा वजीर टाकतो. चूक करावी, त्याला माझी ना नाही, शांदोरही करायचा. पण चूक करणाऱ्यानं ती मनापासून करावी. तसं एखादं असेल तर बघ, नाहीतर राहू दे.

मनापासून चुकणारं सॉफ्टवेअर. मी नोवी सादला फोन केला, बेलग्रेडला एका ओळखीच्याला विचारलं. तो म्हणाला, सध्या सगळे न चुकणारं बनवण्याच्या मागे आहेत, तुमचं गिऱ्हाईक जरा उलट दिशेला चाललंय. मी विषय सोडून दिला आणि काका-काकूंना जिन्यात टाळायला लागलो.

आणि मग तक्रारी थांबल्या.

आधी मला वाटलं, की काका माझ्यावर नाराज आहेत. पण वरून रोज दुपारी खुर्च्या सरकल्याचा आवाज यायचा, मध्येच काकांचा आरडाओरडा, "गाढव आहे हे यंत्र, शुद्ध गाढव," आणि तो ओरडा अगदी जुन्या, शांदोरच्या वेळच्या सुरातला. थंडी पडायला लागली तेव्हा एकदा ते दुकानात आले, गाल लाल झालेले, आणि स्वतःहून सीडीची तारीफ करायला लागले. म्हणाले, ते तिसरं दिलंस ना, ते आता रुळलं. आधी अंगात शिष्टपणा होता, आता माणसात आलंय. परवा त्याचा हत्ती अडकला, तर त्याला वाचवायला बिचाऱ्यानं काय काय केलं. प्याद्यांच्या मागे लपवला, घोडा आडवा घातला. लाज वाटली त्याला, ओब्राद. आणि घोडे तर असे फिरवतं, की मी तरुणपणी फिरवायचो तसे.

सॉफ्टवेअर रुळत नाही, हे मला माहीत होतं. पण गिऱ्हाईक मालाची तारीफ करत असताना त्याला थांबवणारा दुकानदार मी अजून पाहिलेला नाही. मी मान हलवली.

त्या हिवाळ्यात वीज सारखी जायची. कधी सांगून, बहुतेक वेळा न सांगता. वीज गेली की माझ्या दुकानात करण्यासारखं काही उरत नसे, आणि वर काकूंकडे लाकडांचा स्टोव्ह होता, त्यावर कॉफी असायची. म्हणून तसा एकदा दुपारी अंधुक उजेडात मी जिना चढून गेलो. दार लोटलेलंच होतं. आत गेलो आणि दारातच थांबलो.

काका खिडकीशी पटावर वाकलेले होते, दाराकडे तोंड करून. पलीकडे, त्यांच्या पाठीमागे काकू कॉम्प्युटरपुढे बसलेल्या, चष्मा नाकावर, मांडीवर एक छोटा प्रवासी पट, खुंट्यांच्या मोहऱ्यांचा. वीज जाऊन बराच वेळ झाला होता. पडदा स्टोव्हच्या झाकणासारखा काळा होता.

"उंट, जी-पाच," काका म्हणाले.

काकूंनी मांडीवरच्या पटावर उंट हलवला, ओठ चावला, विचार केला. मग थिएटरातल्या त्या स्वच्छ, भावनाशून्य आवाजात म्हणाल्या, "यंत्र म्हणतंय, प्यादं एच-सहा."

"म्हणू दे. गाढव आहे ते."

काकूंनी त्यांच्या पाठीकडे जो कटाक्ष टाकला, तसा कुठल्याही यंत्राला टाकता येणार नाही. आणि त्याच क्षणी काकांनी मान वर केली, मला पाहिलं, आणि अगदी हळू, ओठांवर बोट ठेवलं.

मी कॉफी न पिता खाली आलो. विजेशिवाय बुद्धिबळ खेळणारा कॉम्प्युटर, हे पचायला मला थोडा एकांत हवा होता.

दुसऱ्या दिवशी काका पाव आणायला निघाले तेव्हा मी त्यांना जिन्यात गाठलं. विचारलं, तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे? त्यांनी वर पाहिलं, दार बंद असल्याची खात्री केली. म्हणाले, एकदा यंत्र एका सोप्या खेळीवर फार वेळ अडलं. मी वाट बघतोय, बघतोय, आणि स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला. यंत्र उठून पळालं, दूध उतरवून आलं, आणि आल्या आल्या घाईघाईत वजीर गमावून बसलं. नंतर एक उसासाही टाकला.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो तर ती खेळायची थांबेल," काका म्हणाले. "चाळीस वर्षं मी तिला शिकवायला बघतोय. आता ती बसलीय समोर. म्हणजे मागे. मी काय मूर्ख आहे बोलायला?" आणि कोणाला सांगितलंस तर कालव्यात बुडवीन, असं म्हणून ते पाव आणायला गेले.

त्याच संध्याकाळी काकू दुकानात आल्या, इस्त्री दाखवायच्या निमित्तानं. इस्त्रीला काही झालं नव्हतं. त्यांनी मला दारात पाहिलं होतं. म्हणाल्या, आता पाहिलंच आहेस तर ऐक. ते यंत्र रोज वजीर भीक घालायचं आणि ह्यांचं तोंड उतरायचं. एकदा ते पुन्हा तसंच करायला लागलं तेव्हा मला राहवलं नाही. दोघांच्या खेळ्या करून करून मोहरे कसे चालतात ते मला कळलं होतं. मनात म्हटलं, ह्यापेक्षा तर मी बरं खेळेन. यंत्राची खेळी सांगायच्याऐवजी मी माझी सांगितली. नट वाक्य विसरला की काय करायचं, ते मला येतं. मग दुसऱ्या दिवशी दोन खेळ्या माझ्या. मग अर्धा डाव. आता यंत्राला विचारतच नाही. ह्यांना काही कळलेलं नाही, बिचारे यंत्रावर खूश आहेत. त्यांना कळलं तर यंत्राची मजा जाईल आणि मला पुन्हा धडे सुरू होतील. तू काही बोलू नकोस.

मी कबूल केलं. दोघांनाही कबूल केलं. त्यानंतर काका मला भेटले की यंत्राची नक्कल करून दाखवायचे, आणि काकू भेटल्या की काकांची. मी दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करायचो. माझ्या बायकोचं म्हणणं पडलं, की इतका अभिनय तर थिएटरातही होत नाही.

जानेवारीत संत योवानचा सण आला. काकांच्या घरचा तो संत. घरच्या संताच्या दिवशी आमच्याकडे आमंत्रण देत नाहीत, ज्याला आठवण असते तो येतो, आणि नेस्तोरकाकांच्या घरी सार्मा, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळून शिजवलेला खिमा, चांगला मिळतो ही आठवण पुष्कळांना होती. मेणबत्ती लावली होती, उकडलेल्या गव्हाचा गोड प्रसाद वाटून झाला होता, आणि घरात पाय ठेवायला जागा नव्हती, तेव्हा दार उघडून शांदोर आत आला. सेगेदहून सकाळच्या बसनं, बगलेत हंगेरियन सलामी घेऊन. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांच्या गालांचे तीनदा मुके घेतले आणि तोंड सुटं झाल्याबरोबर भांडायला सुरुवात केली.

शांदोरचं गाऱ्हाणं असं होतं, की त्याच्या जावयानं त्यालाही कॉम्प्युटरवर बुद्धिबळ आणून दिलं आणि ते त्याला छळतं. एक तर हरवतं, नाहीतर वजीर फेकतं. आणि हा नेस्तोर फोनवर सारखा सांगतो, की माझं कसं मनासारखं खेळतं. सांगतोस ते खरं असेल तर दाखव. आत्ता, इथं, सगळ्यांसमोर.

मी काकूंकडे पाहिलं. हातात सार्म्याचं पातेलं, कपाळावर घाम, आणि अजून निम्म्या लोकांची जेवणं व्हायची होती. काकांना सहज म्हणता आलं असतं, की आज सण आहे, नंतर बघू. ते म्हणाले, "कोसारा, तू यंत्रावर बस. वाढायचं मी बघतो."

ह्या वाक्यावर खोलीतली गडबड एकदम कमी झाली. नेस्तोरकाकांना कुणी ताट उचलताना पाहिलं नव्हतं. त्यांनी बायकोच्या हातातून पातेलं घेतलं, खांद्यावर टॉवेल टाकला आणि पाहुण्यांत शिरले. कुणाला सार्मा दोनदा मिळाला, कुणाला नुसता रस्सा. एका पाहुण्या बाईंना त्यांनी हात वर करून थांबवलं आणि दुसऱ्या बाजूच्यांना आधी जाऊ दिलं.

शांदोर खिडकीशी बसला. काकू मेजाशी. प्रवासी पट उघड घेता येत नव्हता म्हणून त्यांनी सॉफ्टवेअरला दोन माणसांच्या खेळावर लावलं होतं आणि दोन्ही बाजूंच्या खेळ्या स्वतःच पडद्यावर करत होत्या. हे फक्त मला दिसत होतं, मी बाजूलाच राकियाचा, फळांच्या दारूचा, पेला घेऊन उभा होतो. शांदोर सुरुवातीला बडबडत होता. मग बडबड कमी झाली. मग त्यानं चष्मा पुसला. काकूंचे घोडे त्याच्या राजाच्या अंगणात येऊन उभे राहिले होते. शांदोरचा एक हत्ती गेला. त्यानं खुर्चीत मागे रेलून पटाकडे डोकं वाकडं करून पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर हसू पसरलं.

"खोटं बोलत नव्हतास तू," तो काकांना म्हणाला. "हे खेळतंय. ह्याला राग येतो, भीती वाटते. ओब्राद, मला हेच हवं. आत्ताच्या आत्ता एक कॉपी काढून दे, मी सेगेदला घेऊन जातो."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आजही माहीत नाही. काका रिकामी ताटं घेऊन स्वयंपाकघराकडे चालले होते, ते थांबले.

"त्याची कॉपी निघत नाही," ते म्हणाले.

"का नाही निघत? सगळ्यांची निघते."

"ह्याची नाही निघत. एकच आहे. दूध उतू जायला लागलं की वजीर विसरतं, पण माझं त्याच्यावाचून चालत नाही. तू तुझं शोध."

शांदोरला काही कळलं नाही. पाहुण्यांनाही नाही. पण काकूंची पाठ ताठ झाली. त्यांनी चष्मा काढला, हळूच वळल्या आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"त्या दुधापासून," काका म्हणाले.

"आणि त्यानंतर रोज मला गाढव म्हणत होतात?"

"यंत्राला म्हणत होतो."

"माझ्याकडे पाठ करून."

"यंत्राकडे पाठ करून. तुझ्याकडे तोंड करून कधी म्हणालोय? आठव."

काकूंनी खरंच आठवून पाहिलं असावं. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या, आवाज न करता, थिएटरातल्या त्या खोक्यात हसत असतील तशा. एव्हाना शांदोरच्या डोक्यात उजेड पडला होता. तो कधी पडद्याकडे, कधी काकूंकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे माझा हत्ती कोसारानं मारला?"

"आणि घोडाही मारणार आहे," काकू म्हणाल्या. त्या उठल्या, ॲप्रनला हात पुसले, आणि येऊन त्याच्यासमोर, पटाच्या दुसऱ्या बाजूला बसल्या.

इथं मला सांगायला आवडलं असतं, की त्यांनी शांदोरला मात दिली. डाव जिंकलेलाच होता. पण आता सगळं घर भोवती गोळा झालं. माणसांनी खसखशीचा रोल खायचा थांबवून माना पुढे काढल्या. आयुष्यभर खोक्यात बसलेल्या काकूंना काम करताना कुणी बघितलेलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले, हात पटावर येऊन परत गेला, पुन्हा आला, आणि त्यांनी घोड्याच्या जागी भलत्याच प्याद्याला हात लावला. हात लावला तोच मोहरा हलवायचा, हा नियम शांदोरनं दाखवला नाही, प्यादं राहू द्या म्हणाला. काकूंनी तेच हलवलं. त्यातून शांदोरचा वजीर मोकळा झाला, आणि बघता बघता काकू हरल्या.

सगळ्यांत जास्त आरडाओरडा काकांनी केला. जिंकलेला डाव होता, आंधळ्यालाही दिसत होता, कालव्याचं दार उघडं टाकून झोपायला जावं तसं झालं हे. ते शांदोरवरही ओरडले, की सणाच्या दिवशी दुसऱ्याच्या घरी जेवायला येऊन घरच्या बाईला हरवतोस, लाज नाही? शांदोर डोळे पुसत हसत होता. काकू मात्र पटाकडे बघत होत्या, आणि त्यांनी मोहरे परत मांडायला घेतले. म्हणाल्या, अजून एक. ह्या वेळी बघणाऱ्यांनी जरा लांब बसा.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. काका-काकूंनी समोरासमोर बसून खेळायचा प्रयत्न केला. जमलं नाही. काकांचा चेहरा दिसला की काकूंना त्यांच्या मनातलं कळायचं, आणि ते काकांना अन्यायाचं वाटायचं. काकांच्या मते पत्ते लपवता येतात, तोंड कुठं लपवणार? मग ते पुन्हा खिडकीशी आणि काकू पुन्हा मेजाशी, पाठीला पाठ, प्रत्येकाचा पट वेगळा. कॉम्प्युटर बंदच. दर शनिवारी शांदोर सेगेदहून फोन करायचा, तोही काकांना नाही, काकूंना, आणि तासन्तास फोनवर डाव चालायचा. काका शेजारी बसून खुणा करायचे आणि काकू त्यांच्याकडे पाठ फिरवायच्या.

त्या वसंतात काकू अग्निशमन दलाच्या इमारतीत गेल्या आणि क्लबात नाव घातलं. अध्यक्षांनी काकांचा विषय काढला नाही, काकूंनीही नाही. महिलांच्या पटावर त्यांना माणूस हवंच होतं. पहिल्या सामन्यात त्या अपातिनला जाऊन हरल्या, दुसऱ्यातही हरल्या, आणि तिसऱ्यात एका शाळामास्तरीणबाईंना त्यांनी असं कोंडलं, की बाईंनी उठून त्यांना विचारलं, तुम्ही कुठल्या सॉफ्टवेअरवर सराव करता? काकूंनी काय सांगितलं, ते त्यांनी मला सांगितलं नाही.

क्लब गुरुवारी असतो. गुरुवारी संध्याकाळी काकू घरी नसतात, म्हणून काका चवळीसारख्या पांढऱ्या दाण्यांची उसळ करायला शिकले. दर वेळी विचारायला खाली यायचे, की कांदा आधी की लसूण आधी, आणि मी माझ्या बायकोला विचारून सांगायचो. काकू आल्या की जिन्यात त्यांची पावलं ऐकून वर खुर्ची सरकते. मग त्या जेवता जेवता सगळा डाव पहिल्यापासून सांगतात, एकही खेळी न चुकता, आणि काका मध्ये मध्ये "गाढव" म्हणतात, ते क्लबातल्या लोकांना. परवा मी वर काही द्यायला गेलो तर तेच चाललं होतं. काकू चौदाव्या खेळीपाशी थांबल्या, चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "उसळ लागलीय खाली."

"लागलेली नाही," काका म्हणाले. "तशीच करतात. तू पुढचं सांग, घोडा कुठं गेला?"